जबीरा

साफा मशिदीच्या तळीत, शेवाळलेल्या चिऱ्यावर
पाय सरकला. निवृत्त बाईनं भर दुपारी
कमानी मोजायला तिथं कशाला जावं,
हे घरी विचारून झालंय. तुम्ही विचारू नका.

उजवं मनगट. तेच, ज्यानं बत्तीस वर्षं
फोंड्याच्या शाळेत क्ष ला एका बाजूला आणलं
आणि बाकीच्यांना, चिन्ह बदलून, पलीकडे धाडलं.

इस्पितळात फिल्म उजेडावर धरून उभी होती
नसीम बेपारी, दहावी ब, शेवटचा बाक,
बीजगणितात पस्तीस, तेही मी ओढून दिलेले.
मधली अकरा वर्षं मस्कतला होती.
"बाई, सरकलं नाही, तडकलंय नुसतं,"
आणि पट्टी भिजवता भिजवता, स्वतःशीच,
"जबीरा. तिथं ह्याला जबीरा म्हणत.
जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं."

मी दुखणं विसरून ताठ बसले.
अल्-जब्र.
आल्जिब्रा हा साहेबाचा शब्द, असं मी
बत्तीस तुकड्यांना सांगितलं होतं, ठासून.

शेजारी गुडघा धरून कायतान मिनेझिस बसले होते.
"कितें सांगूं, बाय," ते म्हणाले,
"वडिलांच्या जुन्या पोर्तुगीज कोशात
आल्झेब्रिश्ता म्हणजे हाडवैद्य.
लहानपणी मला वाटे, चुकून छापलंय."
वडील पणजीला आल्फांदेगीत कारकून.
तो शब्दही अरबांचाच, साखरेचा, कापसाचाही;
परटानं धुतलेले कपडे
भलत्याच घरी पोचवावेत, तसे.

आणि माझ्या भाषेकडे काय आलं?
आठवत राहिले. जबरी.
जबरी चोरी, पोलीस ठाण्याच्या वहीतली.
घोड्यांबरोबर, सनदांबरोबर आला असेल,
मूठ आवळूनच.
त्यांच्याकडे मलम गेलं, आमच्याकडे बळ.
शब्दाला काय, ज्या दारातून आत घ्याल
त्या दाराएवढा तो वाकतो.

बगदादेत कुणीतरी, नाव मला माहीत नाही,
दिव्यातलं तेल संपत आलेलं असताना
आपल्याकडच्या कुणाचं तरी शून्य
स्वतःच्या लिपीत उतरवून घेत होता.
शून्य म्हणजे रिकामं.
त्यानंही ते रिकामंच नेलं, सिफ्र म्हणून,
एक थेंब न सांडता.
हाडाला बांबूची कामटी बांधायची रीतही
त्याच गाठोड्यात गेली असेल.
इकडे पोथ्यांना वाळवी लागत होती, तिकडे यवनांच्या
ग्रंथांचे मूळ कागद जळत, कुजत होते,
आणि हा माणूस डोळे चोळून
पुढचं पान घेत होता.
मग ते अंक शत्रूच्या गलबतांतून परत आले,
चेहरा बदलून, अरबी आडनाव लावून.
मी त्यांना पाहुणे म्हणून शिकवलं.

प्लास्टर गरम होत होतं. नसीमनं विचारलं,
"बाई, पलीकडे नेताना चिन्ह का बदलतं?
तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."
नव्हतं सांगितलं. नियम आहे, पाठ करा,
एवढंच म्हटलं होतं, छडी टेबलावर ठेवून.
"पलीकडे कुणी जात नाही, नसीम,"
मी म्हटलं, हळू, कारण मलाही ते
तेव्हाच नीट दिसत होतं.
"जिथं उणं पडलंय, तिथं तेवढं भरायचं.
आणि एका बाजूला भरलं, की दुसरीकडेही
तेवढंच द्यायचं. बस. सांधणं एवढंच."

तिनं पेन पुढे केलं.
डाव्या हातानं, बिगरीतल्या पोरासारखं,
ओलसर प्लास्टरवर मी एक वाकडा क्ष काढला.
तिनं त्याखाली उजवीकडून डावीकडे
काहीतरी लिहिलं. काय, ते विचारायचं राहिलं;
कायतानचा नंबर पुकारला होता.

"सहा आठवडे, बाई. पाणी लागू देऊ नका."